तलावाकाठचा पूर्वपक्ष

४ मार्च

पहाटेची उपासना आटोपून मेजाशी बसलो आणि वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी नव्या उद्योगाचा संकल्प सोडला. संकल्प लेखी असावा, म्हणजे मनाला पळवाटा सापडत नाहीत. म्हणून ही दैनंदिनी.

एकतीस वर्षे मी इतरांना निवडून आणले. अकरा उमेदवार, त्यांतले नऊ विजयी. भाषण त्यांचे, शब्द माझे. हार त्यांच्या गळ्यात, तालमीत बसलेला घसा माझा. शेवटचे उमेदवार आज विधिमंडळाच्या एका समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांच्या कार्यालयातील माझ्या खुर्चीवर आता आलेख काढणारी मंडळी बसतात. मला पाहुण्यांच्या कोचावर बसवून चहा देतात. चहा उत्तम असतो.

आज निरीक्षणयंत्रे बनविणाऱ्या एका कंपनीचे संचालक घरी आले. वय चाळिशीच्या आत, वाणी लाघवी. काम असे: सार्वजनिक जलतरण तलावांच्या सुरक्षेचा नवा कायदा याच समितीपुढे आहे. त्याच्या चौदाव्या कलमाने प्रत्येक तलावावर दोन प्रशिक्षित जीवरक्षक सक्तीचे केले आहेत. कंपनीचे म्हणणे, जेथे तिचे यंत्र बसेल तेथे ही सक्ती नको. पाण्याखाली कॅमेरे आणि भिंतीवर दिवा. सर्व ठीक असेल तोवर हिरवा, कोणी बुडू लागल्यास लाल.

"सर, अध्यक्ष तुमचं ऐकतात," संचालक म्हणाले.

"अध्यक्ष युक्तिवाद ऐकतात," मी म्हणालो. "मी तो रचतो."

संध्याकाळी मुलगी शाळेतून शिकवून परतली. सर्व ऐकून म्हणाली, "म्हणजे बाबा, आता तुम्ही दलाल झालात."

"मध्यस्थ."

"मध्यस्थ दोन्हीकडचा असतो. तुम्हाला तर एकच जण पाठवतोय."

तिच्या जिभेला तिच्या आईचे वळण आहे. घरातला वाद जिंकणे हाही एक पराभवच.

६ मार्च

शास्त्रचर्चेची जुनी शिस्त अशी की, आपले मत सांगण्यापूर्वी प्रतिपक्षाचे मत मांडावे. आणि तेही असे की, प्रतिपक्षाने ऐकून म्हणावे, ‘इतके चांगले मलाही सांगता आले नसते.’ हा पूर्वपक्ष. मग त्याचे एकेक अंग खंडावे, तो उत्तरपक्ष. निवडणुकांत मी हेच केले. तालमीच्या खोलीत विरोधी उमेदवार मीच होत असे. दोन उमेदवार माझ्यापुढे रडले आहेत. दोघेही पुढे निवडून आले.

त्या शिस्तीने आज तलावावर गेलो. कंपनीचे यंत्र चाचणीसाठी तेथे बसविले आहे. जंतुनाशक घातलेल्या पाण्याचा उग्र वास, छतावर आपटून परतणारा कोलाहल, ओल्या फरशीवर पावलांचे ठसे. उंच लोखंडी खुर्चीवर पंचेचाळिशीच्या एक बाई बसल्या होत्या. केस आखूड, गळ्यात शिट्टी. येणारे-जाणारे त्यांना शिट्टीबाई म्हणतात.

"आजोबा, पोहायचंय की बघायचंय?"

"पाहायचे आहे. पाण्याच्या सुरक्षिततेवर काही लिहीत आहे."

यात असत्य काही नाही.

"मग त्या बाकावर बसा. आणि चपला काढा, लोक अनवाणी चालतात इथे. माझ्याशी बोलायचं तर बोला, पण मी तुमच्याकडे बघणार नाही हां. राग मानायचा नाही."

पुढचा तासभर पाण्यावरची दृष्टी क्षणभरही न काढता त्या माझ्याशी बोलल्या. एकाग्रतेवर मी पुष्कळ वाचले आहे. पाहिली मात्र क्वचितच.

९ मार्च

सलग चौथा दिवस. आज विचारले, "बुडणाऱ्याची आरोळी या कोलाहलात तुम्हाला ऐकू कशी येते?"

त्या हसल्या. "बुडणारा ओरडत नाही, आजोबा. ओरडायला श्वास लागतो. तोंड कसंबसं वर आलं, तर माणूस श्वास घेईल की भाषण करील?"

"मग ओळखता कसे?"

"दंगा करतोय तो धडधाकट. गप्प झालेला शोधायचा."

एकतीस वर्षे मी सभेत आवाज करणाऱ्याकडे पाहत आलो, कारण सभा तोच फिरवतो. बाईंचे हे वाक्य पूर्वपक्षासाठी जसेच्या तसे टिपून घेतले.

भिंतीवरच्या दिव्याविषयीही विचारले. त्यांनी निंदा केली नाही. "चांगलं आहे की. शिकेल हळूहळू. पण शिकणार कुणाच्या जिवावर, तेवढं विचारा त्यांना."

"विचारतो," मी म्हणालो.

"तुमची ओळख आहे का तिकडे?"

"थोडीफार."

हेही असत्य नव्हते.

१२ मार्च

आज एक घटना घडली. माझ्या टिपणवहीत वेळेसह नोंद आहे, ती उतरवितो: ‘दहा वाजून चार मिनिटे. खोल बाजूस एक स्थूल गृहस्थ पाण्यात उभ्यानेच स्थिर. मुख वर, डोळे अर्धवट मिटलेले, हात शिडी चढावी तसे सावकाश हलत आहेत. गर्दीतही ध्यानस्थ. हेवा वाटतो.’

‘हेवा’ हा शब्द पुरा होतो न होतो तोच शिट्टी वाजली आणि शिट्टीबाई पाण्यात होत्या. क्षणार्धात गृहस्थांना काठाशी आणले. ते खोकले, ओकले आणि मग सर्वांची क्षमा मागू लागले, जणू त्यांनी काही सांडले होते.

बाई निथळत पुन्हा खुर्चीवर चढल्या. मी विचारले, "त्यांना काय झाले होते?"

"काय म्हणजे? बुडत होते."

"परंतु मी त्यांच्याकडेच पाहत होतो."

"हो, पाहिलं मी," त्या पाण्याकडे पाहत म्हणाल्या. "अगदी टक लावून."

उत्तरपक्षासाठी एक मुद्दा हाती लागला. एवढ्या धावपळीतही यंत्र गांगरले नाही. भिंतीवरचा दिवा आरंभापासून अखेरपर्यंत स्थिर हिरवा होता, हे मी मुद्दाम पाहिले. उगाच बोभाटा न करणे हा यंत्राचा गुण म्हणून मांडता येईल.

घरी आल्यावर जेवण गेले नाही. वयोमानाने असे होते.

१३ मार्च

एका बैठकीत पूर्वपक्षाची आठ पाने लिहून झाली. शब्द जणू कोणी सांगत होते आणि मी उतरवीत होतो. आयुष्यात इतके निर्दोष काही लिहिले नसेल.

उत्तरपक्ष उद्या.

१७ मार्च

कंपनीच्या कार्यालयात तालीम झाली. लांबट मेज, काचेच्या भिंती, मधोमध पाण्याचे पेले. संचालक कंपनीच्या बाजूने बोलले; मी शिट्टीबाई झालो. तिसऱ्याच प्रश्नाला संचालकांनी पेला उचलला आणि तो रिकामा आहे हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

"बाप रे! सर, तुम्ही आमच्याच बाजूचे आहात ना?"

"म्हणून तर इतके कठोर बोलतो."

"हे जबरदस्त आहे. पण हे तुमच्या डोक्यातलं नाही. हे कुणीतरी पाण्यातलं माणूस बोलतंय."

ज्ञानाचा उगम लपवू नये, ही शास्त्राची मर्यादा. मी अभिमानाने सांगितले की, तलावावरच्या खुर्चीवर बसणाऱ्या त्या बाईंचे हे शब्द आहेत. संचालकांनी आठही पाने मागितली. दिली. ती फार काळजीपूर्वक घडी करून त्यांनी आतल्या खिशात ठेवली. विद्येचा आदर करणारा माणूस.

उत्तरपक्ष अजून व्हावयाचा आहे.

१९ मार्च

लेखणी बदलली. खुर्ची खिडकीकडे वळविली. पहिले वाक्य सात वेळा लिहून सात वेळा खोडले. डोळ्यांच्या वैद्यांकडे जाऊन यावे.

२१ मार्च

तलावावर गेलो. उंच खुर्ची रिकामी होती. तिच्याखाली एक नवे गृहस्थ मोबाइल पाहत बसले होते. बाई रजेवर असाव्यात. वर्षानुवर्षे इतक्या निष्ठेने काम करणाऱ्यांनी विश्रांती घ्यावीच. भिंतीवर एकाऐवजी तीन हिरवे दिवे दिसले.

दुपारी संचालकांचा दूरध्वनी. आवाजात उत्साह मावत नव्हता. "सर, मैदान मोकळं! जीवरक्षकांच्या संघटनेतर्फे समितीपुढे एक बाई बोलणार होत्या, त्यांनी नाव मागे घेतलंय. आता दुसरं कुणी द्यायचं तर मुदत संपलीये."

मी ईश्वराचे आभार मानले. प्रतिपक्ष स्वतःहून माघार घेतो, तेव्हा त्यालाही सत्य कळले असे समजावे.

२२ मार्च

जेवताना मुलीला कालची वार्ता सांगितली. तिने घास तसाच खाली ठेवला.

"बाबा, खुर्चीवरच्या त्या बाई रजेवर आहेत, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोणी नाही. तसे वाटले."

"आणि समितीपुढून नाव मागे घेणाऱ्या बाई कोण, ते विचारलंत?"

"नाही."

"तुम्ही दुसऱ्याचं मत त्याच्यापेक्षा चांगलं मांडता, बाबा. मग एवढं साधं तुम्हाला कसं सुचत नाही?"

ताट तसेच ठेवून उठलो.

२३ मार्च

त्या सापडल्या. तलावाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांशेजारी टॉवेलांच्या चळती मोजत होत्या. गळ्यात शिट्टी नव्हती.

मला पाहून त्यांनी मोजणे थांबविले नाही. "बावीस, तेवीस. या आजोबा. काय, लिहून झालं का?"

"तुम्ही येथे कशा?"

"बदली. अठरा तारखेला साहेबांनी बोलावलं. टेबलावर कागद होते. आठ पानं. म्हणे, ‘कंपनीविरुद्ध बाहेर बोलत फिरता?’ वाचून बघते तर सगळी माझीच वाक्यं. ‘गप्प झालेला शोधायचा.’ मी कुणाला पत्र लिहिलं नव्हतं, मुलाखत दिली नव्हती. एका म्हाताऱ्या माणसाशी बोलत होते, बस." त्यांनी टॉवेल खाली ठेवला. "संघटनेतलं नावही काढायला लावलं. नाहीतर टॉवेलही नाहीत, म्हणाले. घरी आई अंथरुणाला खिळलेली. काढलं."

मी सांगितले. सारे सांगितले: कोणासाठी लिहीत होतो, पाने कोणाला दिली, उगम कोणी उघड केला.

त्यांनी खाली ठेवलेला टॉवेल उचलून पुन्हा चळतीवर ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही वाईट माणूस असतात ना, तर बरं झालं असतं. चार शिव्या तरी घातल्या असत्या."

सतरा तारखेची माझी नोंद उलटून पाहिली. ‘विद्येचा आदर करणारा माणूस.’ आपले लिखाण वाचताना कान तापावेत, असा प्रसंग पूर्वी आला नव्हता.

असत्य न बोलण्याचे व्रत मी आयुष्यभर पाळले, असे मानीत आलो. व्रत पाळले होते ते शब्दांचे.

२४ मार्च

संचालकांकडे गेलो. "तुम्ही ती पाने तलावाच्या व्यवस्थापकांना दिलीत?"

"सर, आम्ही फक्त चिंता व्यक्त केली. निर्णय त्यांचा." मग हसून म्हणाले, "निवडणुकीत तुम्ही काय, दुधाने धुतलेले होतात?"

दुधाने धुतलेला मी नव्हतोच.

"परवा समितीपुढे मी बोलणार आहे," मी म्हणालो. "आधी पूर्वपक्ष मांडीन. तो मांडणारे दुसरे कोणी तुम्ही उरू दिलेले नाही. उत्तरपक्ष माझ्याने लिहवत नाही. तुम्हाला साधला तर तुम्ही उठून मांडा."

"सर, तुम्ही आमचे आहात!"

"कालपर्यंत होतो. हे पत्र घ्या. काम सोडल्याचे आहे, आजच्या तारखेचे."

पत्र हातात धरून ते हिशेब करीत राहिले. समितीच्या यादीत माझे नाव कंपनीच्या बाजूला नाही. ‘स्वतंत्र अभ्यासक’ म्हणून आहे. भाड्याचे तोंड तटस्थ दिसावे, ही युक्ती मीच त्यांना सुचविली होती आणि अर्जावरचा तो रकाना त्यांनी स्वतःच्या हाताने भरला होता. आता नाव काढावयाचे, तर ते कसे घातले हे सांगावे लागेल.

"अध्यक्षांना आवडणार नाही हे," ते अखेर म्हणाले.

"नाही आवडणार."

२६ मार्च

सभागृह लहान, खुर्च्या घट्ट. दुसऱ्यांना मी शेकडो वेळा सांगितले आहे की, माइकपासून वीतभर दूर राहा, पहिले वाक्य आखूड ठेवा, हात मेजावर टेका. मी स्वतः माइकपुढे आज प्रथमच उभा राहिलो. तोंड अगदी जवळ नेले आणि माझाच आवाज माझ्या अंगावर आला. मागे कोणी हसले.

"गुरुजी, तुम्ही स्वतः?" अध्यक्षही हसले. ते मला आजही गुरुजी म्हणतात. "बोला, बोला. कुणाच्या बाजूने?"

"आरंभी सांगतो. परवापर्यंत मी यंत्राच्या कंपनीचे काम करीत होतो. या यादीत मला स्वतंत्र म्हटले आहे, ते तेव्हा खोटे होते."

हसणे थांबले. मी आठ पाने बोललो. कागद नव्हता, लागला नाही.

झाल्यावर अध्यक्षांनी विचारले, "हे सगळं तुम्हाला शिकवलं कुणी?"

"नाव सांगणार नाही. त्या व्यक्तीची जागा माझ्या तोंडामुळे एकदा गेली आहे."

"मग गुरुजी, पुरावा काय? ऐकीव गोष्टींवर कायदा करायचा का?"

प्रश्न रास्त होता. तो कसा विचारावा, हे त्यांना मीच शिकविले होते. मी टिपणवही उघडली आणि बारा मार्चची नोंद वाचली. ध्यानस्थ गृहस्थांची. ‘हेवा वाटतो’ हे शब्दही वाचले.

"पुरावा मी आहे," मी म्हणालो. "माणूस माझ्यासमोर बुडत होता. मी टक लावून पाहत होतो आणि मला दिसले नाही. भिंतीवरच्या दिव्यालाही दिसले नाही. त्या घटकेला आम्ही दोघेही हिरवेच होतो. ज्यांना दिसले, ते माणूस होते, शिकलेले होते आणि खुर्चीवर होते. त्या दिवसाची नोंद यंत्रात असेल. कंपनीकडून मागवून घ्या."

अध्यक्षांनी संचालकांकडे पाहिले. संचालक उभे राहिले. "ती नोंद, सर, म्हणजे साठवण तेव्हा सुरू नव्हती बहुधा."

"बहुधा?" समितीतील एका वृद्ध सदस्य बाईंनी विचारले. "चाचणी चालू होती म्हणता, आणि नोंद बहुधा?"

अध्यक्ष माझ्याकडे वळले. स्वर कोरडा झाला होता. "आणि तुमचा तो उत्तरपक्ष, गुरुजी?"

"तेरा दिवस शोधला. नाही."

बसलो. टिपणवही मिटून खिशात ठेवली.

३१ मार्च

चौदावे कलम जसेच्या तसे राहिले. पाच विरुद्ध चार. अध्यक्ष त्या चौघांत होते. त्यांच्या कार्यालयातून निरोप आला की, यापुढे भेटीसाठी रीतसर वेळ मागावी. आणखी दोन संस्था माझ्याशी बोलणी करीत होत्या. दोन्हींनी एकाच दिवशी ‘सध्या विचार नाही’ असे कळविले. दूरध्वनी मुका आहे.

मुलीला विचारले, "आता मी कोण?"

"सध्या तरी भाजी निवडणारे," म्हणून तिने माझ्यापुढे शेंगांची परात सरकविली. सर्व शेंगा सोलल्या. एकही किडकी सुटली नाही, असे तिने तपासून सांगितले.

कलम राहिले, परंतु बाई तळघरातच आहेत. कायदा दोन जीवरक्षक मागतो. ते कोण, हे व्यवस्थापक ठरवितात. तेव्हा काम अर्धेच झाले आहे.

२ एप्रिल

बाईंच्या वतीने व्यवस्थापकांना द्यावयाचा अर्ज सिद्ध केला. चार पाने. सकाळी तो घेऊन तळघरात गेलो. आधी दारातच उभा राहून विचारले, "तुमच्या परवानगीवाचून काही लिहिले आहे. वाचावे की फाडावे, ते तुम्ही सांगा."

त्यांनी ओले हात पुसले. "आणा इकडे."

उभ्यानेच वाचू लागल्या. "हे ‘कर्तव्यनिष्ठेची मूर्तिमंत प्रतिमा’ कोण?"

"आपण."

"काढा. आणि हे काय, ‘अन्यायाच्या घोर अंधारात लोटले’? आजोबा, इथे चार ट्यूबलाइट आहेत."

"ते अलंकारिक आहे."

"साहेबांना अलंकार कळत नाहीत. त्यांना तारीख कळते." माझ्या खिशातले पेन त्यांनी स्वतःच काढून घेतले. पहिले पान आडवे खोडले. दुसऱ्यातील माझी सर्वांत प्रिय ओळ अर्धी वाचून सोडली. तिसरे आणि चौथे न वाचताच दुमडले. मी हात पाठीमागे धरून उभा होतो. अकरा उमेदवारांपैकी एकानेही माझा शब्द कधी बदलला नव्हता.

मग कोऱ्या बाजूवर, टॉवेलांच्या चळतीवर कागद टेकवून, त्यांनी लिहिले:

‘माझी बदली १८ मार्चला झाली.
कारण लेखी मिळालेले नाही, ते द्यावे.
मला माझी खुर्ची परत हवी आहे.’

खाली सही केली. मी पुन्हा एकदा वाचले. कोठे काही घालावे, असे सुचले नाही.

"उद्या दहाला साहेब येतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही बरोबर या. नुसते शेजारी बसा. बोलायचं मी."

"बरे."

"एक शब्द नाही हं, आजोबा."

"एकही नाही," मी म्हणालो.